वीस आठवड्यांचा मास्तर

भोसरी एमआयडीसीत फिटर म्हणून लागायचं तर आधी आयटीआयची दोन वर्षं काढावी लागतात. त्यातला मोठा काळ व्हाइसमध्ये जॉब पकडून कानस मारण्यात जातो. मग अ‍ॅप्रेंटिसशिप. त्यानंतरही कंपनीत गेल्या गेल्या लाखोंचं मशिन कुणी ताब्यात देत नाही. काही महिने जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभं राहावं लागतं. ही रीत या पट्ट्यात इतकी मुरली आहे की तिचं कुणाला नवल वाटत नाही. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९६६ मध्ये पिंपरीत बस्तान बसवलं आणि तिथून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं १९७७ मध्ये. सुमंत मूळगावकरांच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या आधी अ‍ॅप्रेंटिस घडले.

त्याच भोसरीतून आळंदीच्या रस्त्याला लागलं की दिघीचा मॅगझिन चौक येतो. इथल्या कुठल्याही शाळेत सहावीचा वर्ग नव्या शिक्षकाच्या हवाली करताना त्याच्या गाठीशी काय असतं? डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) किंवा बी.एड.ची दोन वर्षं. बी.एड.च्या दोन वर्षांत प्रत्यक्ष शाळेतले आठवडे वीस: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. हा नियम २०१४ चा. त्याआधी बी.एड. एकाच वर्षाचं होतं आणि शाळेशी संबंध ठरलेले सराव पाठ संपेपर्यंतचा. म्हणजे हे वीस आठवडे ही सुधारणा आहे, हे ध्यानात घेऊनच पुढचं वाचावं.

दिघी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आली. एका बाजूला लष्कराची ठाणी आणि संशोधन संस्था, दुसऱ्या बाजूला भोसरीचे कारखाने, मधून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा रस्ता. गावकीची जुनी घरं आता चाळी, भाड्याच्या खोल्या आणि सोसायट्यांनी वेढली आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली कुटुंबं, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कामगार, बांधकामावरचे बिगारी, निवृत्त जवान अशा सगळ्यांची मुलं एका बाकावर बसतात. कुणाच्या घरी गोरमाटी, कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी बीडकडची मराठी. बापाची रात्रपाळी असेल तर घरात सकाळी आवाज करायचा नाही, हा नियम पहिलीतल्या मुलालाही पाठ असतो. खोली बदलली की शाळा बदलते, मग सत्र अर्धं झालेलं असो वा नसो. पटावर नाव एका शाळेत आणि मूल दुसऱ्याच गल्लीत, हा प्रकार इथल्या शिक्षकांच्या रोजच्या परिचयाचा आहे.

अशा वर्गात काय करायचं, हे अध्यापक महाविद्यालयात शिकवलं जातं का? अभ्यासक्रमात ‘समावेशक शिक्षण’ आहे, ‘भाषा आणि अभ्यासक्रम’ आहे, मानसशास्त्र तर आहेच. पण प्रशिक्षणाचा खरा आत्मा अभ्यासक्रमाच्या पुस्तकात सापडत नाही. तो पाहायचा तर पाठ टाचणाची वही उघडावी.

ज्यांनी बी.एड. किंवा डी.एड. केलं आहे त्यांना ही वही जन्मभर विसरता येत नाही. वर तारीख, इयत्ता, तुकडी, घटक, उपघटक. खाली उद्दिष्टे आणि त्यांची स्पष्टीकरणे. मग पानाचे उभे रकाने: शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, शैक्षणिक साधने, फलकलेखन. आता ‘विद्यार्थी कृती’ हा रकाना नीट वाचा. शिक्षक विचारतो, ‘वनस्पतींना अन्न तयार करण्यासाठी काय काय लागते?’ समोरच्या रकान्यात उत्तर तयार असतं: ‘सूर्यप्रकाश, पाणी व कार्बन डायऑक्साइड.’ पाठ व्हायचा असतो उद्या सकाळी आणि मुलांची उत्तरं लिहून झालेली असतात आज रात्री. टाचणातलं मूल कधी चुकत नाही, कधी गप्प बसत नाही, ‘सर, पाणी पिऊन येऊ?’ असंही विचारत नाही. ‘खत’ असं उत्तर तर ते मुळीच देत नाही. खरं मूल मात्र हमखास तेच देतं. त्या एका ‘खत’पाशी थांबून त्याचं काय करायचं, ही मास्तरकीतली खरी कसोटी, पण टाचणात त्यासाठी रकाना नाही.

पाठ चालू असताना मागच्या बाकावर अध्यापकाचार्य बसतात आणि लाल शाईनं शेरे देतात. ‘हेतुकथन स्पष्ट हवे.’ ‘फलकलेखन सुधारावे.’ ‘आवाजात चढउतार हवा.’ शेरे खोटे नसतात. पण सगळे शिक्षकाबद्दल असतात. तिसऱ्या रांगेतल्या मुलीला अपूर्णांक कळला का, याबद्दल त्यात एक ओळ सापडणं अवघड. या साच्याचं मूळ शोधत गेलं तर एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत पोचावं लागतं. हर्बार्टच्या नावानं ओळखली जाणारी पाठाची पंचपदी त्याच्या अनुयायांनी पक्की केली आणि ती आपल्याकडे इतकी रुजली की तिचं नाव गेलं तरी चाल गेली नाही. सूक्ष्म अध्यापनाचंही तेच. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये ड्वाइट अ‍ॅलन यांनी काढलेली ही युक्ती: एकच कौशल्य, पाचसात मिनिटं, लगेच अभिप्राय, पुन्हा पाठ. युक्ती चांगली. आपल्याकडे मात्र वर्गमित्रच सातवीची मुलं होऊन बसतात आणि पंचवीस वर्षांची माणसं बोट वर करून ‘बाई, मी सांगू?’ म्हणतात. हसू आवरत नाही, वेळ भरतो, सही मिळते.

महाविद्यालय आणि शाळा यांच्यातली ही फारकत कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. कोठारी आयोगानं जून १९६६ मध्ये अहवाल दिला तेव्हा त्यात शिक्षक-प्रशिक्षणाच्या एकाकीपणावर नेमकं बोट ठेवलं होतं: प्रशिक्षण संस्था विद्यापीठापासून तुटल्या आहेत, शाळांपासून तुटल्या आहेत आणि एकमेकींपासूनही. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपले कोल्हापूरकडचे. माध्यमिक शाळेनं आसपासच्या प्राथमिक शाळांना धरून एक समूह करावा, ही कल्पनाही त्याच अहवालातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा आली. मधली चोपन्न वर्षं आपण काय करत होतो, हा प्रश्न मला तरी टाळता येत नाही.

आणि त्याही आधी मराठी मुलखात उलटी वाट चालून दाखवणारे होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शिक्षक कसा असावा ते सांगितलं: शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, लोकांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं, ते रयत शिक्षण संस्थेच्या गावोगावच्या शाळांना मास्तर हवे होते म्हणून. शाळेची गरज आधी, कॉलेज मागून. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. तिथं अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांची कुरणशाळा उभी राहिली आणि बालसेविकांचं प्रशिक्षण त्यांच्या कुशीत झालं. शिकणाऱ्या बाईला मूल दिसायचं ते दारातच. त्यासाठी मुख्याध्यापकांना परवानगीचं पत्र लिहावं लागत नव्हतं.

मग गाडी कुठे घसरली? बाजारात. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. विद्यालयांचं पीक आलं. हजाराहून अधिक विद्यालयं, बारावीत बरे गुण मिळालेली गावाकडची हुशार मुलं, आणि ‘डी.एड. झालं की नोकरी’ हा ठाम समज. नव्यानं लागलेल्या शिक्षकाचं, म्हणजे शिक्षणसेवकाचं, मानधन तेव्हा अगदीच तुटपुंजं होतं. ते १६ ते २० हजारांवर यायला २०२३ उजाडलं. तरीही पोरं धावली, कारण तीन वर्षांनी पक्की नोकरी होती. २०१० नंतर भरतीच आटली. डी.एड. झालेली कितीतरी मुलं-मुली आज याच चाकण-भोसरी पट्ट्यात कंत्राटी कामगार म्हणून राबतात, कुणी शिकवण्या घेतात, कुणी कुरिअर पोचवतात. नोकरीच नाही म्हटल्यावर विद्यालयंही एकेक करून ओस पडली.

देशभरच्या शिक्षक-शिक्षणाची चौकशी ज्या खटल्यातून सुरू झाली तो महाराष्ट्रातलाच. राज्यातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि २०१२ मध्ये अहवाल आला. त्या २९१ पैकी बहुसंख्य संस्था आयोगाच्या कसोटीला उतरल्या नाहीत. देशातल्या दहा हजारांवर स्वतंत्र प्रशिक्षण संस्थांपैकी बहुतेक गंभीरपणे शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात, असा या अहवालाचा हवाला पुढे खुद्द राष्ट्रीय धोरणानं दिला. बी.एड. दोन वर्षांचं झालं ते या अहवालामुळे. पण वर्षं दुप्पट केली म्हणून वही बदलत नाही. बदलली ती फक्त तिची जाडी.

शिक्षक तयार कसा झाला, यापेक्षा तो परीक्षेत पास झाला का, याकडे मग सगळं लक्ष गेलं. राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, डिसेंबर २०१३ मध्ये झाली. २०२१ च्या अखेरीस तिच्यातला घोटाळा पुणे पोलिसांनी उघड केला, परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे साडेसात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षं उरली असतील त्यांना दोन वर्षांची मुदत. वीस-पंचवीस वर्षं फळ्यापुढे काढलेले गुरुजी पुन्हा गाइड घेऊन बसले. त्यांचा राग मला समजतो. पात्रता हवीच. पण बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा ‘खत’ म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं हे तपासत नाही.

सेवेत असतानाच्या प्रशिक्षणांची कथा थोडक्यात उरकतो, कारण ती प्रत्येक शिक्षकाच्या घरात सांगितली जाते. पुण्यात कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. तिथून जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे डाएटला, तिथून तालुक्याच्या तज्ज्ञ मार्गदर्शकाला, तिथून केंद्राला. प्रत्येक पायरीवर विषय थोडा सांडतो. शेवटच्या हॉलमध्ये पीपीटी, चहा, हजेरीपत्रक. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी मिळते, त्यासाठीचं प्रशिक्षण २०२२ मध्ये ऑनलाइन झालं. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासणं किंवा स्वयंपाक करणं, हा त्या काळातला उघड मामला. नव्या धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. तास मोजले तर तेही भरतील.

आता मुख्याध्यापक. माझ्या मते सगळ्या गुंत्याची गाठ इथे आहे आणि चर्चा सर्वांत कमी इथलीच होते. खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे पदवी, बी.एड., पाच वर्षांचा अनुभव आणि सेवाज्येष्ठता एवढ्यावर मुख्याध्यापक होता येतं. काल सहकारी होते ते आज ‘मोठे सर’. मधे शिकण्याचा एक दिवसही नाही. प्राथमिक शाळेत शिक्षण हक्क कायद्यानं दीडशेवर पट असला तरच मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद. नाहीतर एखादे गुरुजी वर्ग सांभाळून ‘प्रभारी’. सकाळी परिपाठ संपतो न संपतो तोच व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, ‘माहिती आज चारपर्यंत’. यू-डायस, शालार्थ, सरल, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळत नसलेली नावं. शेजारच्या वर्गात काय शिकवलं जातंय, हे पाहायला वेळ असतो तो फक्त लॉगबुकात लिहिण्यापुरता. तिथं वर्षानुवर्षं एकच मजकूर: ‘पाठ निरीक्षण केले. अध्यापन समाधानकारक.’

शाळाप्रमुखांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन संस्थेत २०१२ मध्ये वेगळं केंद्र निघालं, २०१४ मध्ये त्याचा आराखडा आला. आपल्या राज्यात शिक्षणाच्या नियोजन-प्रशासनासाठी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९९४ पासून संस्था आहे. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आहे. हे सगळं आहे, आणि तरी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेकांना कार्यालयीन कारभाराचे नियम शिकवले जातात. शिक्षकाबरोबर बसून त्याचा पाठ कसा सुधारायचा ते शिकवलं जात नाही. दहाएक शाळांच्या पाठीशी एक केंद्रप्रमुख असावा अशी रचना आहे, राज्यात अशी ४,८६० केंद्रं. त्यातली किती पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली, हे शिक्षक संघटनांच्या निवेदनांतून कुणीही वाचू शकतो.

जिथे नेतृत्व असतं तिथे काय होतं, ते पाहायला फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी चाळीसेक शाळांच्या शिक्षकांना सोबत घेतलं. मूल स्वतः कसं शिकतं याचं वाचन, वर्गातली निरीक्षणं, त्यावर बोलणं, पुन्हा वर्गात जाणं. हाताखालच्यांना तपासणारी अधिकारी त्यांच्यासोबत शिकायला बसली, ही त्यातली खरी क्रांती. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम निघाला आणि राज्यभरातून हजारो शिक्षक कुमठ्याला जाऊन आले. पुढची गोष्ट जरा आपल्या वळणाची आहे: बऱ्याच शाळांनी तिथली फरशीवरची रंगीत आखणी तेवढी उचलली. फरशा रंगल्या, वाचन आणि बोलणं मागे राहिलं.

दुसरं उदाहरण तर चाकणच्या पलीकडेच, खेड तालुक्यात. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट तीनवर आला होता, शाळा बंद पडायची वेळ होती. २०२२ मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत त्यांनी गावाला बरोबर घेऊन शाळा उभी केली होती, तेच इथे. पट शंभराच्या पुढे गेला. मोठी मुलं लहानांना, लहान मुलं एकमेकांना शिकवतात; ‘विषयमित्र’ ही त्यांची पद्धत. २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांसाठीच्या टी-फोर एज्युकेशनच्या स्पर्धेत या शाळेला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. बातम्या आल्या, सत्कार झाले. दिघीपासून तासादीड तासाच्या अंतरावर हे घडत असताना, या पट्ट्यातल्या अध्यापक महाविद्यालयांनी आपले छात्राध्यापक तिथे एका दिवसाच्या सहलीऐवजी आठवडाभर बसवले असते, तर त्यांना काय दिसलं असतं! गुरुजी ग्रामसभेत कसे बोलतात, नाराज पालकाला कसे समजावतात, नव्या शिक्षकाच्या चुकीवर पांघरूण न घालता त्याला कसे सांभाळतात: शाळाप्रमुखाच्या प्रशिक्षणाला याहून वेगळा अभ्यासक्रम कशाला हवा?

दिघीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयाला हे जमण्याजोगं आहे, आणि त्यासाठी इमारत लागत नाही. आसपासच्या पाच-सहा महापालिका आणि अनुदानित शाळांशी कायमचं नातं जोडावं. दर वर्षी नवी शाळा, नवं पत्र, नवी ओळख हा खेळ थांबवावा. छात्राध्यापकानं सोळा आठवडे एकाच वर्गाबरोबर काढावेत, त्या वर्गातली चार मुलं त्याला घरापर्यंत माहीत असावीत. टाचणात आणखी एक रकाना काढावा आणि तो पाठ झाल्यावर भरावा: मुलं खरोखर काय म्हणाली. मागच्या बाकावर बसून लाल शाई वापरणाऱ्या अध्यापकाचार्यांनी आठवड्यातले निदान दोन तास त्याच शाळेत, त्याच मुलांपुढे, छात्राध्यापकांना मागे बसवून शिकवावं. त्यांचाही एखादा पाठ फसेल. फसू दे. त्या दिवशी विद्यार्थी जे शिकतील ते वर्षभराच्या व्याख्यानांत मिळणार नाही.

मुख्याध्यापकांसाठी दहा दिवसांच्या शिबिराऐवजी वर्षभराचा वर्ग असावा, महिन्यातून एक दुपार. प्रत्येकानं आपल्या शाळेतली एकच अडचण घेऊन यावी: सत्राच्या मधे येणारी मुलं, किंवा चौथीत वाचता न येणारी मुलं. वर्षभर तिच्यावर काम आणि इतर मुख्याध्यापकांनी तिथे जाऊन पाहणं. जपानी शाळांत शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहतात आणि नंतर त्यावर बोलतात. हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. याच पट्ट्यातल्या कारखान्यांत क्वालिटी सर्कलमध्ये कामगार असंच बसतात, बिघाड कुठे होतो ते शोधतात आणि सुधारणा सुचवतात. ज्या मुलाचा बाप भोसरीत हे करतो, त्याच्या शिक्षकाला अशी बैठक का मिळू नये?

अडचणी आहेत. विनाअनुदानित महाविद्यालयात अध्यापकांचे पगार, रिकाम्या जागा, विद्यापीठाच्या परीक्षा, एनसीटीई या राष्ट्रीय परिषदेची बदलती नियमावली. आता एक वर्षाचं बी.एड. पुन्हा येऊ घातलं आहे आणि बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही सुरू झाला आहे. एक वर्ष, दोन वर्षं की चार, यावर वाद होत राहतील. मी म्हणेन, आधी शाळेतले दिवस मोजा.

येत्या सीईटीनंतर तुमच्या घरातलं कुणी बी.एड.चा प्रवेश घेणार असेल, तर माहितीपुस्तिकेतल्या प्रयोगशाळा आणि वसतिगृहाचे फोटो बाजूला ठेवा आणि प्राचार्यांना एवढंच विचारा: तुमच्या अध्यापकाचार्यांनी गेल्या वर्षी कुठल्या शाळेत, कितवीच्या मुलांना, किती तास शिकवलं? शाळेचं नाव लगेच सांगता आलं नाही, तर दुसरं महाविद्यालय बघा.